गोल्फच्या आयर्नचे शाफ्ट (दांडे) घरीच बदलायचेत. होझल (हेडमधली शाफ्ट बसायची नळी) ०.३५५ इंच, नवे शाफ्ट ०.३७०. बोअर मारून भोक मोठं करून घेऊ का?

रंकाळा_वॉकर
नमस्कार मंडळी. काकांचा जुना आयर्नचा, म्हणजे धातूच्या डोक्याच्या गोल्फ क्लबचा (काठ्यांचा) सेट माझ्याकडे आलाय, ५ ते ९ नंबर आणि पिचिंग वेज (जवळच्या फटक्याचा क्लब). हेड ठणठणीत आहेत, पण स्टीलचे शाफ्ट आतून गंजलेत. क्लब उलटा करून आपटला की तांबडी पूड पडते. मेहुणे दुबईहून येताना नवे स्टीलचे शाफ्ट घेऊन आले. सहाही एकाच लांबीचे, पट्टीवर लिहिलंय "पॅरलल टिप ०.३७०". सात नंबरचं हेड तापवून काढलं आणि जुन्या शाफ्टच्या टोकाला व्हर्निअर लावला तर ९.०२ मिमी. नवा ९.४. अर्थातच आत जात नाही.

उद्यमनगरात ओळखीच्या टर्नरला दाखवलं. त्यांचं म्हणणं, "ठेवून जावा, सांजच्याला न्या, पाच मिनिटाचं काम हाय." पाच मिनिटांचं म्हटल्यावर मीच हेड उचलून घरी आणलं. कुणी हे केलंय का? बोअर मारून घ्यावं, की शाफ्टचं टोक घासून बारीक करावं? आणि चिकटवायला साधं अराल्डाइट चालतं का?

पापाची_तिकटी
कुस्ती-फुटबॉलच्या कोल्हापुरात गोल्फ! खेळता कुठं राव, रंकाळ्याच्या पाण्यात? चालू द्या, मी खुर्ची टाकून बसलोय.

रंकाळा_वॉकर
वडणग्याला शेतात जाळं बांधलंय, त्यात मारतो. पुण्याला गेलो की येरवड्याच्या गोल्फ मैदानावर.

येरवडा_बंकर
मूळचा राजारामपुरीचा, सध्या पुण्यात. आधी शाफ्टचं टोक घासायची कल्पना डोक्यातून काढून टाका. स्टीलचा शाफ्ट म्हणजे पोकळ नळी. टोकाची भिंत तुम्ही बाहेरून पातळ करणार, आणि चेंडूला लागताना सगळा ताण नेमका होझलच्या ओठाशी येतो. तिथंच तुटणार. हेड किती लांब जाईल ते सांगता येत नाही आणि कुणाकडं जाईल तेही.

दुसरं, टेपर (निमुळतं टोक) आणि पॅरलल (सरळ टोक) यांतला फरक नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ०.३५५ वाले टेपर टिप शाफ्ट कारखान्यातूनच प्रत्येक नंबरासाठी वेगळ्या लांबीचे येतात. टोकाकडून काही कापायचं नसतं, फक्त ग्रिपकडून कापून लांबी जमवायची. ०.३७० वाल्यांचं टोक काही इंच सरळ असतं आणि ते सगळे एकाच लांबीचे येतात. प्रत्येक नंबरासाठी टोकाकडून वेगवेगळं कापून त्याचा कडकपणा ठरवायचा. साधारण नंबरागणिक अर्धा इंच जास्त. पाच नंबरला जेवढं कापाल त्याच्यापेक्षा सहाला अर्धा इंच जास्त, साताला आणखी अर्धा. सुरुवात कुठून करायची ते कंपनीच्या तक्त्यात असतं, मेहुण्यांना तक्ता मागा. सगळेच्या सगळे फक्त ग्रिपकडून कापलेत तर पिचिंग वेज पाच नंबरइतका लवचीक होईल आणि शंभर यार्डांवरून चेंडू कुठं पडेल याचा नेम राहणार नाही.

माझं मत विचाराल तर हे शाफ्ट विकून टाका आणि टेपर मागवा. होझलला हात लावू नका.

उद्यमनगरी
येरवडेकर, तुमचं शाफ्टचं ज्ञान मान्य. पण होझलला हात लावू नका हे पटलं नाही. ०.३५५ वरून ०.३७० म्हणजे व्यासात पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग). एका बाजूला मिलिमीटरचा पाचवा हिस्सासुद्धा नाही. होझलची भिंत त्याच्या कितीतरी पट जाड असते. परदेशात क्लब बनवणारे सर्रास करतात हे. प्रश्न धातू किती जातो हा नाहीच, भोक सरळ राहतं का हा आहे.

लेथवर हे काम करू नका, तुमच्या टर्नरला सांगा. आयर्नचं हेड चकात धरायला सरळ बाजूच नसते. चार जबड्यांचा चक लावून, डायल लावून कितीही केलं तरी होझलच्या बाहेरच्या अंगाला धरूनच सेंटर काढणार, आणि बाहेरचं अंग आतल्या भोकाशी समकेंद्री असेलच असं नाही. बत्तीस मिलिमीटर खोलीत तळाला ०.२ मिमी सरकलं तर सदतीस इंचाच्या क्लबचं ग्रिपकडचं टोक जवळजवळ ६ मिमी बाजूला जातं. झाला लाय अँगल (क्लब टेकवल्यावर शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) वेगळा.

ड्रिल मशीनवर करा, असं. तुम्ही काढलेला जुना शाफ्ट आहे ना, त्याच्या टोकाकडचा चार इंच तुकडा कापा. बाहेरून सरळ असला पाहिजे, गंज आतूनच आहे म्हणता तर चालेल. तो तुकडा ड्रिलच्या चकात धरा, टोक खाली. आता हेड व्हाइसमध्ये सैल ठेवून तो तुकडा होझलमध्ये उतरवा. मूळचं भोक त्याच टेपरचं, त्यामुळे तो गच्च बसतो आणि हेड आपोआप स्पिंडलच्या रेषेत येतं. मग व्हाइस घट्ट करायचा, व्हाइस टेबलाला बोल्ट करायचा, तुकडा काढून ड्रिल लावायचं. टेबल हलवायचं नाही, नुसता चक उघडायचा. व्हाइसच्या जबड्यात ॲल्युमिनियमची पट्टी किंवा जाड चामडं घाला, नाहीतर हेडवर दात उमटतील.

ड्रिल ९.५ मिमीचं घ्या. तीन अष्टमांश इंची घेऊ नका असं काही लोक सांगतात, पण ते ९.५२५, तेही चालून जाईल. शाफ्ट ९.४ आणि भोक ९.५ म्हणजे सगळीकडून ०.०५ ची फट, चिकटाला तेवढी लागतेच. अगदी टाइट फिट केलंत तर चिकट सगळं बाहेर पुसलं जातं आणि आत कोरडं राहतं.

रंकाळा_वॉकर
जुन्या शाफ्टचा तुकडा ही युक्ती म्हणजे नाद खुळा! दादा, हेड कुठल्या धातूचं आहे ते कसं कळणार? लोहचुंबक चिकटतंय.

शिरोली_फौंड्री
चुंबकावरून निकाल लागणार नाही. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) हेड साध्या कमी कार्बनच्या पोलादाचे असतात, त्यावर क्रोम. त्यांना चुंबक चिकटतो. कास्ट हेड बहुतेक १७-४ किंवा ४३१ स्टेनलेसचे, मेणाच्या साच्यातून ओतलेले, त्यांनाही चिकटतो. दोन्ही ग्रेड चुंबक धरणाऱ्या मार्टेन्सिटिक जातीचे, जेवणाच्या ताटवाटीसारखं ३०४ नव्हे.

ओळखायचं झालं तर जुन्या ठिकाणी क्रोम उडालंय का बघा. खाली गंज दिसला तर कार्बन स्टील. चकचकीत नसून राखाडी साटीन फिनिश, मागे मोठी पोकळी आणि गंजाचा पत्ता नाही, तर बहुतेक कास्ट. हे महत्त्वाचं अशासाठी की १७-४ साध्या एचएसएस (हायस्पीड स्टील) ड्रिलची धार घालवतं. कोबाल्ट ड्रिल घ्या, आरपीएम कमी, तेल सोडत राहा, दाब कायम ठेवा. मध्येच थांबून ड्रिल नुसतं घासत ठेवलंत तर पृष्ठभाग कडक होतो आणि मग ड्रिल चालतच नाही.

खोलीची खूण करून घ्या, ड्रिलला स्टॉप लावा. मूळ भोकाच्या तळाच्या पुढं जायचं नाही. काही हेडांत तळाखाली फार धातू नसतो.

पापाची_तिकटी
हेड तापवून काढलं म्हणता, ते कशावर? आमच्या शेजारच्यांनी सायकलचं फोर्क गॅसच्या शेगडीवर तापवलं होतं. जाळ अन् धूर संगटच.

येरवडा_बंकर
हीट गन. स्टीलच्या शाफ्टला छोटी गॅस टॉर्चपण चालते, पण क्रोमवर निळे-पिवळे डाग पडतात आणि मागे प्लास्टिकचा बिल्ला असेल तर तो वितळून खाली येतो. जुना चिकट मऊ पडायला जेवढी लागते तेवढीच उष्णता द्यायची. होझलभोवती गन फिरवत राहा, अधूनमधून हातमोजा घालून हेड पिळून बघा. सुटायला लागलं की खरकन फिरतं आणि जळक्या रबराचा वास येतो. खिडकी उघडी ठेवा, त्या धुराने डोळे चुरचुरतात.

मात्र हे फिरवणं फक्त स्टीलला. ग्राफाइटचा शाफ्ट पुन्हा वापरायचा असेल तर हेड पिळायचं नाही, कधीच नाही. तंतू पिळले जाऊन टोक आतून फुटतं, बाहेरून काही दिसत नाही आणि नंतर मैदानावर तुटतं. तो सरळ ओढूनच काढायचा, त्यासाठी पुलर लागतो, आणि उष्णता बेतानेच, कारण शाफ्टमधलं रेझिनही तापतं.

उद्यमनगरी
पुलर म्हणजे दोन प्लेटा, एक स्क्रू आणि लाकडी क्लॅम्प. बेअरिंग काढायचा पुलर ज्यानं बघितलाय तो कुणीही बनवेल. ग्राफाइटवाले असतील तर सांगा, चित्र काढून टाकतो.

हार्डनर
गोकुळ शिरगावात एफआरपीचं (फायबरग्लासचं) काम करतो, गोल्फमधलं काही कळत नाही, पण चिकटाबद्दल बोलतो.

पाच मिनिटांत कडक होणारा कुठलाही इपॉक्सी इथं वापरू नका. त्याची ताकदही कमी आणि उन्हात गाडीच्या डिकीत क्लब राहिला की तो लवकर मऊ पडतो. हळू सेट होणारा घ्या. साध्या स्टँडर्ड अराल्डाइटनं जोड बसतो, नाही असं नाही. पण तुमच्या कामात प्रत्येक फटक्याला धक्का आहे, तिथं टफन्ड इपॉक्सी चांगला, थ्रीएमचा डीपी ४२० सारखा. तो आकारमानाने दोनास एक मिसळतो. दुसरा कुठला घेतलात तर त्याच्या पाकिटावरचं प्रमाण पाळा. "लवकर सुकावं म्हणून हार्डनर जरा जास्त" हा आपल्याकडचा लाडका प्रकार आहे. त्यानं सुकतं लवकर असं नाही, उरलेला हार्डनर नुसता आत मऊ पडून राहतो.

चिकटापेक्षा तयारी महत्त्वाची. शाफ्टच्या टोकावरचं चकचकीत क्रोम जेवढं होझलात जाणार तेवढं पूर्ण घासून काढा, ऐंशी नंबरचा एमरी पेपर. राखाडी, निस्तेज दिसायला हवं. क्रोमवर इपॉक्सी धरतच नाही. होझलमधला जुना चिकट तारेच्या ब्रशनं खरवडा, ड्रिलचं तेल तर हमखास राहिलेलं असणार. ॲसिटोननं पुसा, रंगाच्या दुकानातल्या स्वस्त थिनरनं नको, त्याचा तेलकट थर राहतो. फडकं पांढरं घ्या आणि ते पांढरंच बाहेर येईपर्यंत पुसत राहा.

आणि आता पाऊस सुरू आहे. आपल्याकडच्या जुलैत घासलेलं उघडं पोलाद रात्रभर ठेवलंत तर सकाळी वर तांबूस झाक येते. घासलं की पुसायचं, पुसलं की लगेच चिकटवायचं. मधे जेवायला उठायचं नाही.

रंकाळा_वॉकर
हार्डनर भाऊ, फटीत काचेचे बारीक मणी घालतात असं कुठंतरी वाचलंय. खरं आहे का?

हार्डनर
खरं आहे. फट जरा जास्त असेल तर चिकटात बारीक काचेचे गोळे मिसळतात, त्यानं दांडा मधोमध राहतो. तुमची फट ०.०५ ची, तिथं गरज नाही.

येरवडा_बंकर
उद्यमनगरी, चित्तपट नाही पण गुणांवर तुम्ही जिंकलात. बोअर मारा वॉकरराव. माझी एक भर घाला: बोअर झाल्यावर होझलच्या वरच्या आतल्या कडेला काउंटरसिंकनं हलका चॅम्फर (उतार) द्या. तीक्ष्ण कडा शाफ्टला तिथंच कापते. स्टीलला थोडा फायदा, ग्राफाइटला तर हवाच.

आणि शाफ्टच्या टोकाला आतून बूच मारा. शाफ्ट पोकळ आहे, आत ढकलताना चिकट नळीत वर चढतो, तिथं गोळी होऊन सुकतो आणि मग सुटून आयुष्यभर खुळखुळतो. प्रत्येक फटक्याला. ग्रिप काढून शाफ्ट उलटा करून ती गोळी काढायचा प्रयत्न करणारे लोक मी बघितलेत. जुन्या होमिओपॅथीच्या बाटलीचं बूच कापून अगदी मापाचं निघतं.

गुजरीकर
माझा धंदा चांदीचा, काटा रोज हातात, म्हणून या धाग्यात घुसतोय. स्विंगवेटचं, म्हणजे क्लब फिरवताना हेड हाताला किती जड लागतं त्या मापाचं, कुणी बोललंच नाही. नवा शाफ्ट जुन्यापेक्षा हलका असला तर क्लब हातात वेगळा लागेल. स्विंगवेटचा खास तराजू घ्यायची गरज नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि मोजपट्टी पुरे.

ग्रिपसकट पूर्ण क्लबचं वजन ग्रॅममध्ये घ्या. मग क्लब एका धारेवर, म्हणजे उभ्या पट्टीच्या कडेवर, आडवा तोला. ग्रिपच्या टोकापासून तोलाच्या जागेपर्यंतचं अंतर इंचात मोजा. त्यातून १४ वजा करा, कारण तो तराजू ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर टेकलेला असतो. उरलेल्या आकड्याला वजनानं गुणा. उत्तर ६०५० च्या आसपास आलं तर त्या मापात डी-०. पुढं दर ५० ला एक अंक. ६१५० म्हणजे डी-२, ६००० म्हणजे सी-९.

एकदा हे कळलं की पाठ केलेल्या नियमांची गरज राहत नाही. हेड त्या टेकूपासून सात नंबरला २३ इंचांच्या आसपास, म्हणून हेडला २ ग्रॅम वाढवले की २ गुणिले २३, जवळपास एक अंक. ग्रिपचं वजन टेकूच्या दुसऱ्या बाजूला १० इंचांवर, म्हणून ५ ग्रॅम जड ग्रिप घातली की एक अंक कमी. लांबी अर्धा इंच वाढवली की साधारण तीन अंक.

आणखी एक गंमत. तुमच्या बोअरचाही हिशोब केला मी. ९.०२ चं ९.५, खोली ३२ मिमी, पोलाद. जास्तीत जास्त पावणेदोन ग्रॅम धातू जातो, टेपरमुळे त्याहून कमीच. म्हणजे बोअर मारल्यानेच जवळजवळ पाऊण अंक गेला.

पापाची_तिकटी
गुजरीकर, सोनाराचा हिशोब तो सोनाराचाच. भुशाचंपण वजन केलं!

नऊ_नंबर
धागा छान चाललाय, मध्येच विचारते. वडिलांचा जुना सेट मुलीसाठी कापायचाय, ती अकरा वर्षांची आहे. इथं रुईकर कॉलनीत एक जण म्हणाले ग्रिपकडून चार इंच कापा, झालं.

येरवडा_बंकर
ताई, मोठ्यांचे स्टीलचे क्लब मुलांसाठी कापू नका. दोन कारणं. लांबी कमी झाली की शाफ्ट आणखी कडक होतो, आणि आधीच तो मोठ्या माणसाच्या जोरासाठी बनवलेला. हेड मात्र तेवढंच जड राहतं. पोरगी काठी फिरवत नाही, काठी पोरीला फिरवते. गुजरीकरांच्या सूत्रात घालून बघा, लांबी चार इंच गेली की स्विंगवेट खूप खाली येतो, पण एकूण वजन जवळजवळ तेवढंच, त्यामुळं हलका वाटेल ही अपेक्षाही फसवी. शिवाय क्लब आखूड झाला की तो जमिनीवर टेकताना हेडचं टोक खाली आणि टाच वर, म्हणजे लाय बिघडते. मुलांचे ग्राफाइट क्लब हेडसकट हलके असतात, सेकंडहँडही मिळतात.

नऊ_नंबर
बरं झालं विचारलं. सेट कापत नाही. मग तो मीच वापरते, मला फक्त अर्धा इंच कमी करायचाय.

येरवडा_बंकर
अर्धा इंच बिनधास्त. तीन अंक कमी होतील. जड वाटत असेल तर तसंच राहू द्या, नाहीतर हेडच्या मागे शिशाची चिकटपट्टी, सहा ग्रॅम.

रंकाळा_वॉकर
अपडेट. सात नंबर झाला. टर्नरना उद्यमनगरींचा निरोप वाचून दाखवला, ते आधी हसले, मग जुन्या शाफ्टचा तुकडा चकात धरून बघितला आणि म्हणाले, "डोकं हाय गड्याला." हेड कास्टच निघालं. कोबाल्ट ड्रिल चरचर करत गेलं, चिपा बारीक, पाच मिनिटांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. नवा शाफ्ट हातानं आत बसतो, हलत नाही, फिरवला की सहज फिरतो.

टोकाकडून तक्त्याप्रमाणे कापलं. एक मिलिमीटरची कटिंग डिस्क वापरली, शाफ्टवर मास्किंग टेप गुंडाळून. मग हेड कोरडंच बसवून क्लब जमिनीवर टेकवला, ३७ इंचांवर खूण, आणि ग्रिपकडून कापायच्या आधी ग्रिपच्या टोपीची जाडी वजा केली. चिकटवून दिवसभर उभा ठेवला, ग्रिप बसवली. आता वजन ४२८ ग्रॅम, तोल २८.१ इंचांवर. गुजरीकर, बघा बरं.

गुजरीकर
४२८ गुणिले १४.१ म्हणजे ६०३५. डी-० ला जरासा कमी. जुना किती होता?

रंकाळा_वॉकर
पिचिंग वेजपर्यंत बाकीचे अजून जुन्या शाफ्टवर आहेत, ते सगळे डी-२ च्या जवळपास निघाले.

गुजरीकर
मग ११५ कमी पडतात, भागिले २३, पाच ग्रॅम. हेडकडं द्यायचे.

येरवडा_बंकर
सात नंबर आता चिकटलाय, त्याला शिशाची पट्टी लावा मागच्या पोकळीत. बाकीच्या पाचांना चिकटवायच्या आधीच शाफ्टच्या टोकात पितळेचं वजन घाला. टिप वेट म्हणून तयार मिळतात, बुचाचं कामही तेच करतात. प्रत्येक हेड बोअर मारल्यानंतर काट्यावर ठेवा. कारखान्याचे हेड नंबरागणिक साधारण सात ग्रॅमनं वाढत जातात. त्या पायरीत कुठलं कमीजास्त असेल तर तिथंच जमवून घ्या.

उद्यमनगरी
पितळेचं वजन मागवत बसू नका. पितळी रॉडमधून पाच ग्रॅमचे तुकडे टर्न करून देतो, डोक्याला छोटी कॉलर ठेवून, म्हणजे आत घुसून खुळखुळणार नाहीत. शाफ्टचा आतला व्यास तेवढा मोजून पाठवा.

रंकाळा_वॉकर
आज संध्याकाळी मोजून टाकतो. फेरूलचं विचारायचं राहिलं. ती काळी प्लास्टिकची रिंग होझलपेक्षा किंचित जाड आहे, बोटाला कडा लागते.

येरवडा_बंकर
बारीक पॉलिश पेपरनं होझलच्या पातळीला आणा, होझलवर टेप लावून ठेवा म्हणजे क्रोम ओरखडणार नाही. शेवटी कापडावर थेंबभर ॲसिटोन घेऊन एकदाच गोल फिरवा, चकाकी परत येते. दोनदा फिरवलंत तर लगदा होतो. आणि हेडवरच्या रंगवलेल्या आकड्याला ते कापड लागू देऊ नका.

पापाची_तिकटी
वडणग्याला कधी मारताय? बघायला येतो. जाळ्याच्या मागं नाही, बाजूला उभा राहतो.